खोडरबर

"वर अडकलात की काय?" पहिल्या मजल्याच्या उघड्या दारातून वॉचमनने मान आत घालून विचारलं.

लिफ्टच्या टपावर मिस्त्री उकिडवा बसला होता. एका हातात ग्रीसने बरबटलेलं फडकं, दुसऱ्या हातात फोन, आणि चेहरा पार उतरलेला.

"अहो मिस्त्री! पाचव्या मजल्यावरच्या आजी खोळंबल्यात. दवाखान्यात जायचंय त्यांना."

"जिन्याने... नाही, नको. बसायला सांगा त्यांना. आलोच."

आलोच म्हणाला, पण हलला नाही. फोनवरचं उत्तर त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घाईत आपल्याकडूनच एखादी ओळ सुटली असेल, अशी वेडी आशा होती. ओळ सुटली नव्हती. ती तिथे नव्हतीच.

'वरखाली' हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा फोनवरचा ग्रुप. गावोगावचे मिस्त्री त्यात आहेत. कुणाची लिफ्ट रुसली की तो फोटो टाकतो, प्रश्न विचारतो, आणि खाली उत्तरांची रांग लागते. आता जिथे चार मिस्त्री जमतात तिथे पाच मतं निघतात, आणि इथे तर सगळी जत्राच. म्हणून राखण करायला कुणीतरी हवं. ते काम हा मिस्त्री करायचा. बिनपगारी, फुल अधिकारी. शिव्या दिसल्या की कॉमेंट काढ, सकाळची फुलं आणि सुविचार काढ, लिफ्टचे जुने दोर नवे म्हणून विकणाऱ्यांना हाकल. एखादी कॉमेंट चांगली असून शेपटाला शिवी असली, तर तेवढं शेपूट छाटायचीही त्याला सोय होती. त्यावरून ग्रुपने त्याला 'खोडरबर' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. बायको म्हणायची, "घरात माझा एक शब्द खोडायची टाप नाही, आणि तिकडे निघालेत जगाचं खोडायला!"

लोकांना वाटे, खोडण्यात त्याला मजा येते. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ज्याचं खोडायचा त्याच्याचसाठी तो खोडायचा. एकाने मागे जरा जास्त घेतली आणि आपल्या मालकाला नावानिशी शेलक्या शिव्या घातल्या. मालकाने वाचायच्या आत त्या नाहीशा झाल्या, म्हणून गड्याची नोकरी राहिली. शुद्धीवर आल्यावर तो गडी यालाच भांडला, की माझं तोंड दाबणारा तू कोण? खोडरबरने ऐकून घेतलं. खोडल्याचं कारण चारचौघांत सांगायचं, तर मग खोडलं कशाला?

पण आज समोर जी कॉमेंट होती ती थोरल्यांची होती.

थोरले म्हणजे या ग्रुपचं दैवत. उभा जन्म लिफ्टच्या विहिरीत काढलेले, आता घरी बसलेले. त्यांनी लिहिलं की बाकीचे पाची मतवाले गप्प होत. खोडरबर त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्यांची टपली खाल्ली होती, त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली होती, आणि त्यांच्याचकडून ती लाल तारेची शिस्तही घेतली होती.

लिफ्टचं तसं साधं असतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप असतं, आणि सगळी दारं नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. पण एखादं कुलूप झिजलं की दार लागलेलं असूनही लिफ्टला ते उघडंच वाटतं, आणि ती ठिय्या देऊन बसते. मग कुठलं कुलूप नाटक करतंय ते शोधायला मिस्त्री वरच्या खोलीतल्या पॅनेलमध्ये वीतभर तार टाकतात. तार पडली की लिफ्टची समजूत होते, सगळी दारं बंद आहेत. दोष सापडला की तार काढायची. ती राहिली तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट निघते. माणसाचा एक पाय आत असतो, एक बाहेर.

थोरल्यांची शिस्त अशी, की तार लाल हवी, तिच्या टोकाला कडी हवी आणि कडीत आपल्या गाडीची किल्ली बांधलेली हवी. "तार विसरशील रे लेका, पण घरी जायचं कसं विसरशील?" तार पॅनेलमध्ये राहिली की किल्लीही तिथेच. खाली जाऊन खिसे चाचपायचे आणि मुकाट्याने पुन्हा वर चढायचं. ग्रुपचा पहिला नियमही त्यांनीच घालून दिलेला होता. तारेबद्दल लिहायचं असेल, तर ती काढायचं आधी लिहायचं.

आज दुपारी एकाने विचारलं होतं, तिसऱ्या मजल्याचं दार लावूनही लिफ्ट जागची हलत नाही, काय करू? हा गडी आधी पंखे दुरुस्त करायचा, नुकताच लिफ्टच्या धंद्यात आलेला, म्हणून ग्रुपमध्ये पंखेवाला. थोरल्यांनी त्याला कसं समजावलं होतं! घाबरू नकोस. मेन बंद कर. पॅनेल उघड. कुलपाच्या या टोकापासून त्या टोकाला तार टाक. अक्षर न् अक्षर खणखणीत. आणि शेवटी: "कुलूप साफ कर, पॅनेल लाव, मेन चालू कर आणि लिफ्ट लोकांच्या ताब्यात दे. माणसं ताटकळू नयेत."

तार काढायचं कुठेच नव्हतं. आधी नाही, नंतर नाही.

खाली पंखेवाल्याने हात जोडले होते. "लगेच करतो थोरले!"

खोडरबरने कॉमेंट खोडली. मग पंखेवाल्याला निरोप टाकला, 'तार काढली का?' उत्तर नाही. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. त्याने टपावरचं काम कसंबसं आवरलं, लिफ्ट आजींसाठी पाचव्या मजल्यावर पाठवली आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर बसला. बसवेना म्हणून उठला. उभं राहवेना म्हणून येरझाऱ्या घालू लागला. आजी जाता जाता म्हणाल्या, "अंगात बारीक ताप आहे का रे तुझ्या?"

"नाही आजी. जपून जा. दाराकडे बघून पाय टाका."

"रोजचीच आहे मी."

फोन थरथरू लागला. ग्रुप जागा झाला होता.

'थोरल्यांची कॉमेंट कुठे गेली?'

'खोडरबरने थोरल्यांचं खोडलं? शिंगं फुटली वाटतं.'

'ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांच्याच हातावर रबर!'

'कारण सांगा अ‍ॅडमिन. कारण!'

कारण एका ओळीत सांगता आलं असतं. नियम पहिला, तार काढायचं लिहिलं नाही. पण नियम कुणाचा? थोरल्यांचा. ती एक ओळ वाचली की अख्ख्या ग्रुपला कळणार, थोरले विसरायला लागले. मग लोक त्यांना मान देतील, वाकून नमस्कार करतील, आणि प्रश्न मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारतील. म्हाताऱ्याला दिवसभर दुसरं होतंच काय? काठी, औषधं, आणि हे प्रश्न.

विसरणं आजचं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. गेल्या काही महिन्यांत थोरल्यांनी एकच किस्सा पुन्हा पुन्हा लिहिला होता. हा दुसरी प्रत गुपचूप काढून टाकायचा. ज्याचे वडील वारले त्यालाच त्यांनी विचारलं होतं, बाबा कसे आहेत. त्या पोराने वाचायच्या आत तेही गेलं. वय झालं की होतं असं, म्हणून याने स्वतःची समजूत घातली होती. किश्श्यांचं ठीक होतं. किश्श्यात कुणाचा पाय अडकत नाही.

इतक्यात थोरल्यांचीच नवी कॉमेंट आली. 'माझं उत्तर दिसत नाही. पुन्हा देतो.' आणि खाली तेच सगळं, जसंच्या तसं. मेन बंद कर, पॅनेल उघड, तार टाक, लिफ्ट लोकांच्या ताब्यात दे.

एकदा निसटलं असतं तर चूक म्हटली असती. दोन्ही वेळा तेच निसटलं, म्हणजे डोक्यातली ती पायरीच पडली होती. त्याने तीही कॉमेंट खोडली. ग्रुपमध्ये तर आता आगच लागली.

ग्रुप सुरू केला होता लिफ्टचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने. खोडरबरने त्याला फोन लावला.

"पंखेवाल्याचा नंबर दे."

"आधी मला सांग, तू थोरल्यांचं दोनदा का..."

"नंबर दे! नंतर जोडे मार हवं तर."

आवाज ऐकून दुकानदाराने मुकाट्याने नंबर दिला. पहिल्यांदा फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदा उचलला, मागे रहदारीचा गोंगाट.

"कोण? खोडरबर? अहो, तुमच्या नावाने तिकडे शिमगा..."

"तिसऱ्या मजल्याच्या दाराचं काम झालं?"

"झालं की! फर्स्टक्लास चालतेय लिफ्ट. मी निघालोय दुसरीकडे."

"तार?"

"कुठली तार?"

"पॅनेलमध्ये टाकलीस ती."

रहदारीचा आवाज तेवढा येत राहिला. मग पंखेवाला हळूच म्हणाला, "ती... ती तशीच ठेवायची ना? थोरल्यांनी काढायला कुठे सांगितलं?"

"मागे फिर. फिरता फिरता तिथल्या वॉचमनला फोन लाव, लिफ्टचा मेन खाली पाडायला सांग. आत्ताच्या आत्ता. माझा फोन चालू ठेव, त्याला दुसऱ्यावरून लाव. कोणी आत असेल तर अडकू दे, अडकलेला माणूस काढता येतो."

मग नुसतं ऐकत राहणं. गाडी वळल्याचा आवाज, कुणीतरी घातलेली शिवी, वॉचमनशी चाललेलं अर्धंमुर्धं बोलणं. खोडरबर दरवेळी एकाच भिंतीपाशी जाऊन परत फिरत होता. इथला वॉचमन त्याच्याकडे बघून स्वतःही उगाच उभा राहिला होता. आपण एक घटका उशिरा वाचलं असतं तर, हा विचार मनातून ढकलला तरी पुन्हा दारात उभा.

"पाडला मेन," पंखेवाला धापा टाकत म्हणाला. "आत कोणी नाही." मग जिना चढणारे पाय, कुलूप, पॅनेलचं झाकण. "काढली. काढली बघा. हातात आहे माझ्या."

"पुन्हा बघ."

"बघितलं. मेन लावून, वॉचमनला दार उघडं धरून बटण दाबायला लावलं. नाही हलत."

खोडरबर पायरीवर बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने ग्रीसच्या हाताने पुसलं, आणि गालावर काळा पट्टा उमटला.

"पण एक सांगा," पंखेवाला म्हणाला. "शाळा सुटायची वेळ आहे हो. पोरं असतात या लिफ्टमध्ये. एवढं मोठं थोरल्यांनी लिहिलं कसं नाही?"

इथे खोडरबर क्षणभर थांबला. फार नाही.

"त्यांनी लिहिलं होतं," तो म्हणाला. "सगळ्यात वर लिहिलं होतं. लांब झालं म्हणून मी छाटायला गेलो, तर तेवढंच माझ्या हातून कापलं गेलं. म्हणून मग सगळं खोडलं."

पंखेवाल्याने पॅनेलचं झाकण धाडकन लावलं. मग म्हणाला, "तुम्हाला लाज वाटायला पाहिजे."

"वाटतेय."

खोडरबर घरी पोचायच्या आत ती बातमी ग्रुपभर झाली. पंखेवाल्याने सगळं लिहिलं होतं आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, निदान त्याच्या लेखी. खाली लोकांनी हात धुऊन घेतले. मागे ज्यांचं ज्यांचं खोडलं होतं ते सगळे हजर होते. सुविचारवाले होते, जुने दोरवाले होते, आणि ज्याची नोकरी राहिली तोही होता.

दुकानदाराचा फोन आला. "खरं बोल. एक शिवी छाटताना तू मला दोन फोन करतोस. तू तारेची ओळ कापलीस?"

"कापली गेली."

"लोक म्हणतायत, याला काढा."

"लोकांचं बरोबर आहे."

"माझ्या हातात फार राहिलं नाही रे. माफी तरी लिही."

त्याने लिहिली. 'तार काढायचं वाक्य माझ्या हातून कापलं गेलं. थोरल्यांची यात काही चूक नाही. सगळ्यांची माफी मागतो.' बायकोने चहा पुढ्यात ठेवत खांद्यावरून वाचलं.

"तुम्ही कापलं?"

त्याने मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिने ठरवावं अशी.

"मग कारण लिहा ना खरं. एवढ्या शिव्या कशाला खायच्या?"

"माझ्या शिव्या चार दिवसांत जिरतील," तो म्हणाला. चहा तसाच ठेवून त्याने गाडी काढली.

थोरल्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर त्यांच्या मिस्त्री मंडळींत पूर्वी फार विनोद व्हायचे. दार काकूंनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोने उघडलं. याच्याकडे पाहिलं, बाजूला झाल्या, आणि आत पाणी आणायला गेल्या.

थोरले खिडकीशी खुर्चीत बसले होते. खोडरबरने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि वाकून पायांना हात लावू गेला. त्यांनी पाय मागे घेतले.

"माझं वाक्य कापलंस?"

"हो, मिस्त्री."

"तारेचं?"

"हो."

"अरे, कुणी मेलं असतं!" त्यांचा आवाज इतका खणखणीत लागला, की आत भांडं आपटल्यासारखं झालं. "काय शिकवलं होतं तुला? पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? सगळं विसर, हे विसरू नकोस. तार टाकायच्या आधी काढायचं ठरव. किल्ली बांध, मग तार टाक. बोल, शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं."

"मग? लांब झालं म्हणून छाटतोस? माणसाचा पाय छाटला गेला असता, मग कळलं असतं लांब आणि आखूड!"

ते बोलत राहिले. कुठला मजला, कुठली तार, कुणाचा जीव कसा थोडक्यात वाचला होता, सगळं क्रमवार, एक पायरी न गाळता. खोडरबर मान खाली घालून ऐकत होता आणि त्याला आतून एक विचित्र आनंद होत होता. शिव्या खाताना इतका आनंद कुणाला झाला नसेल. दुपारी हरवलेलं सगळं त्या रागात जागच्या जागी होतं.

खिशात फोन थरथरला. त्याने चोरून पाहिलं. 'तुम्ही आता या ग्रुपचे अ‍ॅडमिन नाही.'

"ठेव तो फोन खाली," थोरले कडाडले. "त्या फोनपायीच होतं हे. लक्ष ठिकाणावर नसतं."

"ठेवला, मिस्त्री. चूक झाली."

"पुन्हा माझ्या लिहिण्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार." आता लावताही येणार नव्हता. उद्यापासून थोरले काय लिहितील आणि कोण वाचून काय करेल, या विचाराने त्याचे पाय पुन्हा जागेवर राहीनात. तो उठला.

काकू त्याला सोडायला दाराबाहेर आल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

"तू कशाला खोटं बोललास?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

"खोटं काय त्यात, काकू?"

"त्यांचे हात कापतात. ते बोलतात, मी फोनवर लिहिते. दोन्ही वेळा मीच लिहिलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "ते बोलले तेवढंच लिहिलं रे. मला काय कळतंय तुमच्या तारांतलं? मला वाटलं, पूर्णच असेल. आजवर कधी अपुरं बोललेत का ते?"

काकूंना रडू आलं, पण आतला माणूस ऐकेल म्हणून त्यांनी ते गिळलं.

"लिहिणं बंद करू म्हणतोस?"

"नको. बंद नका करू." तो घाईघाईने म्हणाला. "ग्रुपवर टाकायच्या आधी मला पाठवा. मी बघून परत पाठवतो, मग टाका. त्यांना कळायचं कारण नाही."

"तू कामात असशील."

"लिफ्टच्या टपावर काय असतं मोठं? पाठवत जा."

तो जिना उतरू लागला. दोन पायऱ्या गेला असेल, तोच आतून हाक आली.

"अरे ए! थांब!"

थोरले काठी टेकत दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात याच्या गाडीची किल्ली होती. टेबलावरून उचलायची राहिली होती. आणि किल्लीला लाल तार बांधलेली होती. जुनी, रंग विटलेली, टोकाला कडी. थोरल्यांचीच. चमच्यातलं सांडणाऱ्या त्या हातांनी कडीत किल्ली अडकवून पीळ मात्र असा घट्ट मारला होता, की पकडीशिवाय सुटू नये.

"घे," ते म्हणाले. राग गेला होता. आवाजात आता नुसती काळजी होती. "माझ्याकडे पडूनच होती. तुझ्याजवळ असू दे. किल्ली काढायची नाही यातून."

"मिस्त्री, ही तुमची..."

"घे म्हणतो ना. वय झालं तुझं. तू विसरायला लागलायस."

काकूंनी तोंड फिरवलं.

खोडरबरने दोन्ही हात पुढे केले आणि तार घेतली. "हो, मिस्त्री," तो म्हणाला. "हल्ली विसरतो मी."

"होतं असं," थोरले म्हणाले, आणि त्याच्या गालावरचा ग्रीसचा पट्टा त्यांनी अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही.

खाली येऊन त्याने गाडीला किल्ली लावली. तार लांब होती, घरापर्यंत ती त्याच्या गुडघ्यावर हलके हलके आपटत राहिली.